हेडसेटमधला पूर : उल्हास खोऱ्यातल्या वर्गासाठी एक विवेचन

२६ जुलै २०१९च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी सुमारे १०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढलं गेलं. अंबरनाथ-बदलापूरच्या शाळांत आज नववी-दहावीत असलेली मुलं तेव्हा लहान होती. हवामान बदल शिकवताना त्यांच्यासमोर ध्रुवावरचं वितळतं बर्फ ठेवण्यापेक्षा हा पूर ठेवावा, हे सहज पटतं. व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटमधून तो कसा ठेवावा, हे मात्र नीट तपासून ठरवायला हवं.

मकरान्स्की आणि पीटरसन या संशोधकांच्या २०२१च्या मांडणीनुसार या तंत्राच्या मुळाशी दोन गोष्टी असतात. एक, आपण तिथेच आहोत असा भास. दुसरी, तिथलं काहीतरी आपल्या हाताने बदलता येणं. चारी दिशांनी चित्रित केलेला व्हिडिओ पहिली देतो, दुसरी देत नाही. आणि नुसता भास शिकवतोच असं नाही. मकरान्स्की, टेर्किल्डसन आणि मेयर यांच्या २०१९च्या प्रयोगात आभासी प्रयोगशाळेचा धडा हेडसेट लावून घेतलेल्या विद्यार्थ्यांना तिथेच असल्याचा भास जास्त झाला, पण साध्या पडद्यावर तोच धडा घेतलेल्यांपेक्षा ते कमी शिकले. उलट स्टॅनफर्ड विद्यापीठात समुद्राच्या आम्लीकरणावर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जे आभासी समुद्रतळ अधिक धुंडाळत फिरले त्यांच्या ज्ञानात अधिक भर पडल्याचं दिसलं. म्हणून गळ्यापर्यंत चढणाऱ्या पाण्याचा थरार दाखवणारी फिल्म मी वर्गात आणणार नाही. मुलं किंचाळतील, घरी जाऊन सांगतील, आणि पाणी का चढलं हे त्यांना तरीही कळलेलं नसेल.

धडा खोऱ्याचा हवा. हेडसेट लावलेली मुलगी राजमाची किल्ल्याच्या उंचीवर उभी आहे; खाली उल्हास कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरकडे येते आहे. तिच्या हातात तीन कळा आहेत : हवेचं तापमान, पावसाचा जोर, नदीपात्राची रुंदी. तापमान एक अंशाने वाढवलं की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि पाऊस कोसळतो तेव्हा त्याचा जोर वाढण्याची शक्यताही. मग ती पात्रात भराव टाकून पाहते. पाऊस तेवढाच, पण पाणी रुळांवर. एकाच पुरामागे तापलेलं वातावरणही असतं आणि माणसाने अडवलेलं पात्रही, हे तिला स्वतःच्या हाताने उलगडता येतं. कोणत्याही एका रात्रीचा पूर सरळ हवामान बदलाच्या खात्यावर टाकणं अशास्त्रीय आहे; दिसतो तो दीर्घकाळाचा कल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले (आयआयटीएम) रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हा कल एका माणसाला डोळ्यांनी दिसू शकत नाही. पासष्ट वर्षं दोन मिनिटांत दाखवणं हेडसेटला जमतं.

स्टॅनफर्डचेच जेरेमी बेलेन्सन हेडसेट कशासाठी वापरावा याची एक कसोटी देतात : प्रत्यक्षात धोकादायक, अशक्य, उलटा परिणाम करणारं किंवा अतिशय महाग असेल त्यासाठी. पुराचं खोरं या कसोटीला उतरतं. अंबरनाथची वालधुनी नदी उतरत नाही. इसवी सन १०६०चा शिलालेख असलेल्या शिवमंदिराशेजारून ती वाहते. तिचा वास, फेस, काठावरचा कचरा पाहायला मुलांना तिथे चालतच न्यावं. आणि तिथे एक गल्लत आवर्जून दूर करावी, कारण ती फार सर्रास होते : नदीत सोडलेलं सांडपाणी हे प्रदूषण आहे, तापमान वाढवणारा कार्बन डायऑक्साइड दिसतही नाही आणि त्याला वासही नाही. दोन्ही प्रश्न गंभीर आहेत, पण कारणं वेगळी, उपायही वेगळे.

साठ मुलांच्या वर्गात हेडसेट मोजकेच मिळणार. म्हणून एकाने आत राहायचं, बाकीच्यांनी पडद्यावर तेच पाहत त्याला कोणती कळ फिरवायची ते सांगायचं. दहा मिनिटं पुरेत. पुढचा तास वही, नकाशा आणि वादासाठी. धडा उतरला की नाही हे त्याच दिवशीच्या उत्साहावरून ठरवू नये. महिन्याभराने कोरा कागद द्यावा आणि विचारावं : पाऊस २०१९इतकाच, पात्र मात्र निम्मं, वांगणी-बदलापूर दरम्यानच्या चामटोली गावात पाणी कुठवर येईल, आणि का?