हमी भांडवलाला, जोखीम रयतेला

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने ईस्ट इंडिया कंपनीशी १८४९ साली करार केला तेव्हा मुंबईत एकही रूळ पडलेला नव्हता. पण लंडनच्या भागधारकांचा परतावा ठरून गेला होता. जमीन सरकारने ९९ वर्षांसाठी फुकट द्यायची, भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी घ्यायची आणि रेल्वेच्या मिळकतीतून तेवढे निघाले नाही तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून काढायची, असा तो व्यवहार होता. हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे उघड सांगितले की, हमी असल्यामुळे आपला पैसा विटा-चुन्यात जातो की हुगळीत बुडतो, याची गुंतवणूकदाराला फिकीर नव्हती. परकीय भांडवल आणि अन्नसुरक्षा यांचे नाते तपासायचे तर हा करार फार उपयोगी आहे. भांडवल बाहेरून आले म्हणून भूक येत नाही आणि जातही नाही. करारात हमी कोणाला मिळाली आणि जोखीम कोणाच्या पदरी पडली, यावर ते ठरते, असे माझे म्हणणे आहे. वऱ्हाडचा इतिहास त्याची साक्ष देतो.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली त्याच १८५३ साली निजामाने कर्जाच्या फेडीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. काळ्या कसदार जमिनीचा हा मुलूख मँचेस्टरच्या गिरणीमालकांच्या नजरेत होताच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीने तिथला कापूस अडला, तेव्हा वऱ्हाडी रुईला सोन्याचा भाव आला. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि १८७० साली खामगावचा फाटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला. व्होल्कार्ट ब्रदर्ससारख्या परदेशी पेढ्यांच्या खरेदीची साखळी वऱ्हाडच्या कापूसपेठांपर्यंत पोहोचली, जीन आणि प्रेस उभे राहिले, गाठी थेट मुंबई बंदराकडे जाऊ लागल्या. हा बदल शेतातच नव्हे, घरातही झाला. पूर्वी चांगल्या सालची ज्वारी पेवात जाई आणि पुढच्या अवर्षणात तीच आधार होई. आता सारा रोखीत भरायचा, सावकाराचा हप्ताही रोखीत द्यायचा आणि रोख देणारे पीक म्हणजे कापूस. जमीन, बैल आणि घरची मेहनत कापसाकडे वळली. शिल्लक ज्वारीलाही आता दूरची गिऱ्हाइके होती. कापसाचा भाव लिव्हरपूलला ठरे, ज्वारीचा पावसावर. दोन्ही एकदम फिरले, तर शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या हाती काहीच उरत नसे.

१८९९-१९०० च्या दुष्काळात नेमके तसे झाले. पाऊस गेला, कापूस गेला, कडबा नसल्याने गुरे मेली, आणि वेचणी-निंदणीच्या मजुरीवर जगणारा भूमिहीन माणूस सर्वांत आधी कोसळला. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. तीस वर्षे रूळ असलेल्या, कापसाने श्रीमंत म्हणवल्या जाणाऱ्या प्रांताची ही स्थिती आहे.

यावर गंभीर आक्षेप आहे. रेल्वे नसती तर दुष्काळी भागात धान्य पोहोचले कसे असते? १८८० च्या दुष्काळ आयोगानेही लोहमार्गांना संरक्षणाचे साधन मानले होते, आणि त्यात तथ्य आहे. बैलगाडीने महिनाभर लागणारे धान्य रेल्वेने काही दिवसांत येई. पण रूळ धान्य नेतात ते पैसा असेल तिकडे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये आगगाडीने धान्य आले, तरी ते विकत घ्यायला मजुराकडे दाम नव्हते, आणि त्याच काळात हिंदुस्थानचा गहू इंग्लंडला जातच होता. दुष्काळी कामांवरची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशोबावर आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या मजुरांची बाजू सरकारपुढे मांडली. धान्य असूनही माणसे मरतात, कारण त्यावर त्यांचा हक्क उभा राहत नाही, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली सिद्धांतरूपाने मांडले. सभेच्या कार्यकर्त्यांना ते सोलापूरच्या खडीकामांवर दिसले होते. दुसरा आक्षेप असा की कापसाने पैसा आला. आलाच, अमरावती, अकोला, खामगावच्या पेठा त्यावर उभ्या राहिल्या. परंतु तो अडत्याच्या आणि सावकाराच्या हाती साठला, आणि पडत्या सालात त्यातला किती परत गावाकडे जावा याचा कोणताही नियम नव्हता. त्याच काळात सरकारी पैसा पाटबंधाऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी रेल्वेवर जात होता, याकडे रमेशचंद्र दत्त यांनी आकड्यांनिशी लक्ष वेधले होते.

याच रुळांवरून १९७२-७३ सालीही धान्य आले. तो दुष्काळ महाराष्ट्राने पाहिलेल्या भीषण दुष्काळांपैकी एक होता. तरीही १९०० सालासारखी माणसे मेली नाहीत, कारण १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख लोक सरकारी कामांवर होते आणि आलेले धान्य घेण्याइतकी मजुरी त्यांच्या हाती पडत होती. वि. स. पागे यांच्या आग्रहातून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. १८४९ च्या करारात हमी भागधारकाला होती. इथे ती प्रथमच खडी फोडणाऱ्याला मिळाली.

म्हणून मादागास्करची बातमी आपल्याला परकी वाटू नये. २००८ साली देऊ लॉजिस्टिक्स या दक्षिण कोरियन कंपनीने तिथली सुमारे १३ लाख हेक्टर जमीन मका आणि पामतेलासाठी मागितली. मुदत पुन्हा ९९ वर्षांचीच होती. लोकक्षोभ उसळला, सरकार पडले आणि २००९ साली तो व्यवहार रद्द झाला. परकीय गुंतवणुकीला दार लावावे असे मी म्हणत नाही. गोदामे, रस्ते, कालवे यांना पैसा लागतोच. पण पाऊस पडला नाही त्या वर्षी आधी कोणाचे पोट भरायचे, हे करारातच लिहिलेले असले पाहिजे. वऱ्हाडला ते कोणी लिहून दिले नाही, आणि त्याची किंमत खानेसुमारीच्या आकड्यांत आजही वाचता येते.