पोतदार, पॅरिस आणि दोन शेजारी

विषयपत्रिकेवर 'वाइन' हा शब्द वाचून काही जण आले असतील, आणि त्याच शब्दामुळे काही जण घरी थांबले असतील. आलेल्यांना आधीच सांगतो, इथे नेहमीप्रमाणे चहाच मिळणार आहे. आपला विषय पिण्याचा नाही, पारखण्याचा आहे. नाव झाकून एखाद्या वस्तूची परीक्षा घेतली तर काय होतं, आणि त्या निकालावर किती विश्वास ठेवायचा, हे आज बघायचंय.

सुरुवात आपल्या पेठेपासूनच करू. अठराव्या शतकात इथल्या दुकानदाराच्या हातात रुपया पडला, तर 'रुपया मिळाला' एवढ्यावर त्याचं भागत नसे. बाजारात एकाच वेळी अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, हाली शिक्का असे निरनिराळे रुपये फिरत होते. कुणाचं वजन कमी, कुणाच्या चांदीत हीण जास्त, कुणी झिजलेला. म्हणून नाणं पारखणारा पोतदार लागायचा. सरकारी खजिन्यात तो असे आणि गावगाड्यातही असे. गावात हे काम बहुधा सोनाराकडे असायचं. तो शिक्का बघायचा, पण शिक्क्यावर थांबायचा नाही. वजन करायचा, कस बघायचा, आणि मग बट्टा ठरायचा. आज आपण 'नावाला बट्टा लागला' म्हणतो, तो बट्टा याच व्यवहारातला. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे. काल पारखलेल्या टांकसाळीचा रुपया आज पुन्हा आला, तरी तो पुन्हा पारखला जायचा.

आता पॅरिसला जाऊ. तारीख २४ मे १९७६. स्टीव्हन स्पुरिए नावाचा एक इंग्रज पॅरिसमध्ये वाइनचं दुकान चालवत होता, शिवाय वाइन शिकवण्याची एक शाळाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होत होती. ते निमित्त साधून त्यानं आणि त्याची सहकारी पॅट्रिशिया गॅलॅगर हिनं कॅलिफोर्नियाच्या वाइन फ्रेंच जाणकारांसमोर ठेवायचं ठरवलं. नऊ फ्रेंच परीक्षक होते, आणि ते साधेसुधे नव्हते. मोठ्या द्राक्षमळ्यांचे मालक होते, नामांकित उपाहारगृहांचे लोक होते, 'ला रेव्यू द्यू व्हँ द फ्रान्स' या मासिकाच्या संपादक ओदेत काहन होत्या.

बाटल्या झाकलेल्या होत्या. आधी पांढऱ्या वाइन झाल्या, मग लाल. लाल वाइन एकूण दहा: चार फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातल्या, सहा कॅलिफोर्नियाच्या. प्रत्येकीला वीसपैकी गुण द्यायचे. बातमीदार बरेच बोलावले होते, आला एकच, 'टाइम' साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. चव घेताना परीक्षक आपसात बोलत होते. फ्रान्सचा समजून गौरवलेला पेला कॅलिफोर्नियाचा निघाला, असंही तिथे घडलं, आणि ते टेबरनं टिपून ठेवलं.

लाल वाइनमध्ये पहिली आली स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ची कॅबरने. दुसरी बोर्दोची शातो मुतों रोथशील्ड, साल १९७०. असं म्हणतात की ओदेत काहन यांनी आपले गुणपत्रक परत मागितलं. पांढऱ्यांतही कॅलिफोर्नियाचीच शातो माँटेलेना पहिली आली. पुढे या दोन विजेत्या वाइनच्या बाटल्या वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जाऊन बसल्या. ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. ती नेहमी इथेच संपते: नवख्यानं जुन्याला हरवलं, टाळ्या.

इतिहासाच्या विद्यार्थ्यानं मात्र टाळ्या वाजवायच्या आधी आकडे बघावेत. नऊ परीक्षक गुणिले वीस, म्हणजे एकशे ऐंशीपैकी गुण. पहिलीला १२७.५, दुसरीला १२६. फरक दीड गुणाचा, नऊ जणांत मिळून! त्यातल्या एकानं मुतोंला दोन गुण जास्त दिले असते, तर मथळा उलटा छापला गेला असता.

आता यादीत जरा खाली या. आठव्या क्रमांकावर एक नाव दिसतं, क्लो द्यू व्हाल, साल १९७२. गुण ८७.५. हे नाव गोष्टीत कुणी घेत नाही. पण ही वायनरी पहिल्या आलेल्या स्टॅग्ज लीपची शेजारी आहे. नापा खोऱ्यात, सिल्व्हराडो ट्रेल या एकाच रस्त्यावर दोघी. स्टॅग्ज लीप उभी केली वॉरन विनियार्स्की यांनी, ते आधी शिकागो विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायचे. क्लो द्यू व्हालची वाइन करणारे बर्नार्ड पोर्ते, त्यांचे वडील बोर्दोच्या प्रख्यात शातो लाफीतचं काम बघायचे. म्हणजे बघा, एकाच रस्त्यावर एका बाजूला प्राध्यापकी सोडून आलेला माणूस, दुसऱ्या बाजूला बोर्दोत वाढलेला. आणि निकाल: एक पहिला, एक आठवा.

यावरून काय म्हणायचं? शेजाऱ्याला वाइन जमत नव्हती?

दहा वर्षांनी, १९८६ साली, न्यूयॉर्कच्या फ्रेंच कलिनरी इन्स्टिट्यूटमध्ये त्याच लाल वाइन, तीच सालं, एक वगळून पुन्हा झाकून ठेवल्या. पहिली आली क्लो द्यू व्हाल. स्टॅग्ज लीप सहावी. त्याच वर्षी 'वाइन स्पेक्टेटर' मासिकानं वेगळे परीक्षक बसवले. तिथे स्टॅग्ज लीप चौथी, क्लो द्यू व्हाल पाचवी. २००६ साली, तीस वर्षांनंतर, लंडन आणि नापा इथे एकाच वेळी परीक्षा झाली. त्यात स्टॅग्ज लीप दुसरी, क्लो द्यू व्हाल पाचवी, आणि पहिली तिसरीच कुणी, रिज.

चार परीक्षा, चार क्रम. याचं एक कारण सरळ आहे. वाइन बाटलीतही बदलत राहते. एखादी लवकर रंगात येते, एखादी दहा वर्षं घेते. दुसरं कारण परीक्षक. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य प्रदर्शनात एक प्रयोग केला. परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. तिन्ही वेळा साधारण सारखा निकाल देणारे परीक्षक दहातला एखादाच निघाला. त्याआधी २००१ साली बोर्दोतल्या संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून ती ५४ विद्यार्थ्यांना दिली होती, तेव्हा विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. म्हणजे नाव झाकलं तरी डोळे काम करतच असतात.

मग कुणी म्हणेल, ही सगळी थट्टाच आहे, बंद करा. मला तसं वाटत नाही. कारण नाव न झाकता जो क्रम लागतो, त्याचाही इतिहास बघावा लागतो. बोर्दोची प्रसिद्ध प्रतवारी १८५५ची, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेली. ती कुणी केली? दलालांनी. कशावरून? त्या त्या मळ्याच्या वाइनला बाजारात मिळत आलेल्या भावावरून. हा भावाचा तक्ता शंभर वर्षांहून अधिक काळ जवळपास जसाच्या तसा राहिला. मुतों त्यात दुसऱ्या प्रतीत होती, ती पहिल्या प्रतीत आली थेट १९७३ साली. मालकाचे कष्ट, जमिनीची निगा, हाताखालची माणसं, सगळं बदललं, पण यादी बदलली नाही. आपला पोतदार असं कधीच करू शकला नसता. त्याचं दुकान बुडालं असतं.

आता घरी येऊ. आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फेसाळती वाइन करून परदेशी पाठवली. नंतर नाशिकला राजीव सामंत यांची सुला आली. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, पुढे 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालं. आज गंगापूर धरणाच्या परिसरात सुला, यॉर्क, सोमा अशा वायनरी एकमेकींच्या शेजारी आहेत. आपला बागाईतदार एप्रिलात खरड छाटणी करतो, पावसाळा सरला की गोडी छाटणी. बोर्दोत हे दोन छाटण्यांचं गणितच नाही. म्हणजे बोर्दोशी तुलना करून फारसं कळणार नाही. कळेल ते शेजाऱ्याशी तुलना करून: तेच हवामान, तोच पाऊस, मग फरक मातीचा की हाताचा?

पण आपल्याकडे वाद कशावर होतो ते आठवा. जानेवारी २०२२मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला आणि केवढं रान उठलं. वाइन म्हणजे दारू की नाही, यावर महाराष्ट्र भांडला. तो प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. घरं बसलेली आपण पाहिली आहेत. पण त्या गदारोळात द्राक्ष कुणाच्या शेतातलं आणि ते कसं आहे, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

हा प्रश्न ज्याच्या पोटाशी बांधलेला आहे तो शेतकरी. अनेक वायनरी आसपासच्या शेतकऱ्यांकडून द्राक्ष घेतात. गाडी दारात लागते, वजन होतं, साखर मोजली जाते, पैसे मिळतात. एकदा द्राक्ष टाकीत पडलं की शेताचं नाव संपलं. आता १९७६च्या त्याच यादीतली एक बाटली बघा: हाइट्झ, १९७०, आणि खाली छापलेलं 'मार्थाज व्हिनयार्ड'. हा मळा वायनरीचा नव्हता, द्राक्ष विकणाऱ्या कुटुंबाचा होता. त्याच्या द्राक्षाची चव वेगळी लागते म्हणून १९६६च्या वाइनपासून मळ्याचं नाव बाटलीवर आलं. पॅरिसला ही वाइन तळाकडे राहिली. १९८६च्या 'वाइन स्पेक्टेटर'च्या परीक्षेत पहिली आली. एकाच दुपारवर सोडून दिलं असतं, तर त्या मळ्याला बट्टा लागून विषय संपला असता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. झाकून घेतलेली एक परीक्षा म्हणजे एका साक्षीदाराची जबानी. ती महत्त्वाची आहे, पण तिच्यावर निकाल लावू नये. दिंडोरीतल्या, निफाडमधल्या शेजारी-शेजारी शेतांची वाइन वेगवेगळी करून, वर्षानुवर्षं, झाकून, वेगवेगळ्या परीक्षकांपुढे ठेवली आणि एखादं शेत पुन्हा पुन्हा उठून दिसलं, तर त्या शेतकऱ्याला भाव मागायला पुरावा मिळेल. मोठं नाव असलेल्याला या परीक्षेची गरज नसते. ज्याला नावच नाही, त्याला दुसरा रस्ता नाही.

चांदवडी रुपया ज्या चांदवडच्या नावाचा, तो तालुका आज द्राक्षांचा आहे. तिथला रुपया आपल्या पोतदारानं शिक्का बघून घेतला नाही, तसाच शिक्का बघून टाकूनही दिला नाही. दर वेळी काट्यावर ठेवला. तेवढं आपल्याला जमलं तरी पुष्कळ झालं.

थांबतो. चहा आलाय, प्रश्न चहाबरोबर घेऊ.