बीझली, सर जॉन डेव्हिडसन

(१३ सप्टेंबर १८८५ – ६ मे १९७०). प्राचीन ग्रीक मृत्पात्रांवरील चित्रांचे ब्रिटिश अभ्यासक व पुरातत्त्वज्ञ. जन्म ग्लासगो येथे. ऑक्सफर्डच्या बेल्यल कॉलेजात शिक्षण. पहिल्या महायुद्धात ते नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होते. १९२५ ते १९५६ या काळात ते ऑक्सफर्डमध्ये अभिजात पुरातत्त्वाचे लिंकन प्राध्यापक होते.

इ. स. पू. सहाव्या-पाचव्या शतकांत अथेन्समध्ये रंगवलेली भांडी इटलीतील एट्रुस्कन थडग्यांतून मोठ्या संख्येने निघाली आणि युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांत पांगली. त्यांतल्या फार थोड्यांवर चित्रकाराची सही आढळते. बिनसहीच्या भांड्यांचे कर्ते हुडकणे, हेच बीझलींचे आयुष्यभराचे काम. इटालियन चित्रांबाबत जोव्हान्नी मोरेल्ली यांनी रूढ केलेल्या पद्धतीशी त्यांची रीत जुळते. घोटा, गुडघ्याची वाटी, कान, वस्त्राच्या चुण्या या गोष्टी चित्रकार सवयीने काढतो. म्हणून त्याचा हात तिथेच पकडता येतो. त्यासाठी बीझली भांड्यांवरील रेषा स्वतः कागदावर उतरवून घेत. डोळ्यांइतकाच हातानेही केलेला हा अभ्यास होता.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९११ सालचा त्यांचा ‘बर्लिन चित्रकारा’वरील लेख. बर्लिनच्या संग्रहालयातील एका उंच कुंभावर हर्मीझ देव, वीणेसारखे वाद्य घेतलेला सॅटर (अर्धपशू वनदेव) आणि त्यांच्यामध्ये एक हरिण आहे. भोवती चौकट नाही. काळ्याभोर पृष्ठभागावर आकृत्या मोकळ्या उभ्या आहेत. याच रेषा इतर भांड्यांवर ओळखून बीझलींनी एका अनामिक कलावंताची कारकीर्द उभी केली. नाव ठाऊक नसलेल्या अशा अनेकांना त्यांनी संग्रहालय, विषय किंवा लकब यांवरून नावे दिली.

कोणते भांडे कोणत्या चित्रकाराचे, हे नोंदवणाऱ्या त्यांच्या याद्यांपैकी लाल आकृत्यांच्या शैलीवरील ग्रंथ १९४२ मध्ये (विस्तारित आवृत्ती १९६३) आणि काळ्या आकृत्यांवरील १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

एखादे भांडे अमुक चित्रकाराचे का, याची कारणे या याद्यांत क्वचितच दिलेली असतात. ही खरी उणीव आहे, कारण वाचकाला त्यांच्या नजरेवर विसंबावे लागते. मायकेल व्हिकर्स व डेव्हिड गिल या अभ्यासकांनी वेगळा आक्षेप घेतला : ही भांडी धातूच्या मौल्यवान पात्रांची स्वस्त नक्कल होती, बीझलींच्या परंपरेने त्यांना अवाजवी मोठेपण दिले. हा वाद भांड्यांच्या मोलाविषयीचा आहे. एकाच हाताची कामे एकत्र लावून कालक्रम ठरवण्याची सोय त्याने बाद होत नाही. बीझलींची टिपणे व छायाचित्रे हा ऑक्सफर्डच्या बीझली संग्रहाचा पाया असून, त्याच्या संगणकीय सूचीत आज एक लाखाहून अधिक नोंदी आहेत.