रोजगार, उत्पन्न आणि दारिद्र्य : अहमदाबाद शहराचा अनुभव (१८६१ ते २०००)

१. प्रस्तावना

शहरातील दारिद्र्याचा विचार करताना आपण बहुतेक वेळा एक सरळ समीकरण मांडतो. काम नाही म्हणून उत्पन्न नाही, आणि उत्पन्न नाही म्हणून दारिद्र्य. या समीकरणावरून उपायही सोपा वाटतो : रोजगार वाढवा, दारिद्र्य घटेल. परंतु तुमच्या शहरातील गरीब वस्तीत सकाळी सहा वाजता गेलात तर काय दिसेल? घराघरांतून माणसे कामाला निघालेली असतात. हातगाडी, विटा, शिवणकाम, धुणीभांडी, भंगार, कसले ना कसले काम प्रत्येकाकडे असते. ज्याचे हातावर पोट आहे त्याला बेकार राहणे परवडतच नाही.

मग काम असूनही माणूस गरीब का राहतो? या पाठात आपण हा प्रश्न अहमदाबाद शहराच्या इतिहासातून तपासणार आहोत. या शहरात एक लाखाहून अधिक कामगार काही वर्षांच्या काळात कायम नोकरीतून मिळेल त्या कामाकडे ढकलले गेले. माणसे तीच, वस्त्याही त्याच, बदलला तो कामाचा प्रकार. त्यामुळे कामाचा प्रकार आणि दारिद्र्य यांचा संबंध येथे स्पष्ट दिसतो.

२. गिरण्यांचे शहर

अहमदाबाद हे इंग्रजांनी वसवलेले शहर नव्हे. पंधराव्या शतकापासून ते कापड, रेशीम आणि जरीकामाचे केंद्र होते. व्यापारी आणि कारागिरांच्या ‘महाजन’ संघटना तेथे बलवान होत्या. १८६१ मध्ये रणछोडलाल छोटालाल यांनी शहरातील पहिली कापड गिरणी सुरू केली. पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि अहमदाबादला ‘भारताचे मँचेस्टर’ म्हटले जाऊ लागले. भांडवल प्रामुख्याने स्थानिक व्यापारी घराण्यांचे होते. साबरमतीच्या पूर्वेला गोमतीपूर, सरसपूर, रखियाल या भागांत गिरण्या आणि कामगारांच्या चाळी वाढल्या. सुखवस्तू वस्ती हळूहळू नदीच्या पश्चिमेला सरकली.

गिरणीतही सगळे समान नव्हते. सूतकताई विभागात दलित कामगार मोठ्या संख्येने होते. अधिक पगाराचे विणकाम मात्र सवर्ण हिंदू आणि मुस्लिम कामगारांकडे होते. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्यतेच्या समजुतीमुळे दलितांना त्या खात्यात प्रवेश नसे. म्हणजे एकाच छपराखाली जात उत्पन्न ठरवत होती. ‘गिरणी कामगार’ हा शब्द वाचताना तुम्ही हा भेद लक्षात ठेवा.

३. १९१८ चा लढा : वेतन कशावरून ठरवायचे?

१९१७ मध्ये शहरात प्लेगची साथ आली. कामगार गावी पळून जाऊ नयेत म्हणून मालकांनी त्यांना ‘प्लेग बोनस’ दिला. काही ठिकाणी तो वेतनाच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत होता. साथ ओसरल्यावर मालकांनी तो बंद करायचे ठरवले. दरम्यान पहिल्या महायुद्धामुळे महागाई भडकली होती. विणकरांनी ५० टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडले.

गांधीजींनी या वादात लक्ष घातले तेव्हा त्यांनी बाजारभाव, गिरण्यांची स्थिती आणि मुंबईतील वेतन यांची माहिती मिळवली आणि ३५ टक्के ही मागणी ठरवली. २२ फेब्रुवारी १९१८ रोजी मालकांनी टाळेबंदी केली. मालकांचे नेते अंबालाल साराभाई होते, तर त्यांची थोरली बहीण अनसूयाबेन कामगारांच्या बाजूने उभी होती. कामगार डगमगू लागले तेव्हा, १५ मार्चला, गांधीजींनी उपोषण सुरू केले. १८ मार्चला तडजोड झाली : पहिल्या दिवशी ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी २० टक्के आणि तिसऱ्या दिवसापासून लवादाच्या निकालापर्यंत साडेसत्तावीस टक्के. दोन्ही पक्षांचा शब्द राहावा म्हणून ही योजना होती. लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे ३५ टक्के वाढीचाच निर्णय दिला.

या लढ्याची चर्चा सत्याग्रहाचा एक टप्पा म्हणून नेहमी होते. आपल्या विषयासाठी त्याचे महत्त्व आणखी एका गोष्टीत आहे. वेतन हे मालकाच्या मर्जीने किंवा मजुरांच्या पुरवठ्यावरून ठरू नये, कुटुंबाला जगायला किती लागते यावरून ते तपासले जावे, हा विचार येथे व्यवहारात आला. १९२० मध्ये ‘मजूर महाजन संघ’ स्थापन झाला. संपापेक्षा लवादावर त्याचा भर होता. गुलझारीलाल नंदा यांनी या संघात अनेक वर्षे काम केले.

४. कायम नोकरीने काय दिले?

स्वातंत्र्यानंतर गिरणीतील कायम कामगाराला पगारासोबत हक्कांचा एक संच मिळाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराच्या कामाचे तास आठवड्याला ४८ पर्यंत मर्यादित केले. त्याच वर्षीच्या राज्य विमा कायद्याने आजारपणात उपचार आणि रजेच्या काळात काही रक्कम मिळण्याची सोय झाली. १९५२ पासून भविष्यनिर्वाह निधी, १९६५ पासून कायद्याने बोनस आणि १९७२ पासून ग्रॅच्युइटी आली. महागाई भत्ता होताच.

या प्रत्येक तरतुदीकडे दारिद्र्याच्या बाजूने पाहा. गरीब घर बहुधा एका धक्क्याने खाली घसरते. कर्ता माणूस आजारी पडतो, हात यंत्रात सापडतो, घरात लग्न किंवा मृत्यू होतो, धान्य महागते. त्या वेळी सावकाराकडे जावे लागते आणि पुढची अनेक वर्षे व्याजात जातात. विमा, निधी आणि भत्ता यांनी हेच धक्के सौम्य केले. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार येणार हे माहीत असलेले कुटुंब मुलाला शाळेत ठेवू शकते. ज्याला उद्याच्या कामाची खात्री नाही, त्याला तसा विचार करणे अवघड जाते.

गिरणीतही ‘बदली’ कामगार होतेच. ते रोज फाटकापाशी उभे राहत आणि कोणी गैरहजर असेल तरच त्यांना काम मिळे. तरीही त्यांना कधीतरी कायम होण्याची आशा होती.

५. गिरणीबाहेरचे शहर

अहमदाबाद कधीच केवळ गिरणी कामगारांचे शहर नव्हते. गिरणीत उरलेल्या कापडाच्या चिंध्या व्यापारी विकत घेत आणि बायकांना घरी शिवायला देत. त्या चिंध्या जोडून रजईच्या खोळी शिवत. मजुरी नगावर मिळे. शिलाई मशीन तिचे, दोरा तिचा, दिव्याचा खर्चही तिचा. कामाच्या तासांना मर्यादा नव्हती, कारण कायद्याच्या दृष्टीने तिचे घर हा कारखाना नव्हता. बिडी वळणाऱ्या, अगरबत्ती करणाऱ्या, डोक्यावरून माल वाहणाऱ्या आणि माणेक चौकात भाजी विकणाऱ्या स्त्रियांची स्थितीही अशीच होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले, तेव्हा त्यांच्यापुढे हीच कामे उरली.

१९७२ मध्ये इला भट्ट यांच्या पुढाकाराने या स्त्रियांची ‘सेवा’ ही संघटना उभी राहिली. नोंदणीच्या वेळी एक मूलभूत अडचण आली. या बायकांना ठरलेला मालक नाही, मग त्यांची कामगार संघटना कुणाविरुद्ध भांडणार? संघटना कामगारांच्या एकजुटीसाठी असते, त्यासाठी समोर मालक असलाच पाहिजे असे नाही, ही भूमिका अखेर मान्य झाली. १९७४ मध्ये चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. त्यामागचे कारण साधे होते. दिवसाला भांडवल उसने घेऊन संध्याकाळी व्याजासह परत करणाऱ्या भाजीवालीच्या कमाईतील मोठा वाटा सावकाराकडे जात होता.

याच सुमारास कीथ हार्ट या मानववंशशास्त्रज्ञांचा घानाच्या आक्रा शहरातील गरिबांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरकारी नोंदीत बेकार दिसणारी माणसे प्रत्यक्षात दिवसभर राबत असल्याचे त्यांनी दाखवले. ‘अनौपचारिक क्षेत्र’ ही संज्ञा अशा अभ्यासांतून रूढ झाली. अहमदाबादच्या स्त्रियांना ही संज्ञा माहीत नव्हती, पण तिच्यामागचे वास्तव त्या रोज जगत होत्या.

६. गिरण्या का बंद पडल्या?

१९८० च्या दशकात एकेक गिरणी बंद पडू लागली. शतकाच्या अखेरीपर्यंत शहरातील पन्नासहून अधिक गिरण्या बंद झाल्या होत्या.

मुंबईच्या गिरण्यांबद्दल बोलताना अनेकदा सांगितले जाते की, १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या संपाने गिरण्या संपवल्या. अहमदाबादची तुलना येथे फार उपयोगी आहे. तेथे असा प्रदीर्घ संप झाला नाही. तेथील संघ तर लवाद आणि तडजोडीसाठीच ओळखला जाई. तरीही गिरण्या बंद पडल्याच. यावरून मुंबईच्या संपाचा काही परिणाम झाला नाही असे ठरत नाही, पण केवळ संपाने सगळ्याचा उलगडा होत नाही हे निश्चित कळते.

दोन्ही शहरांत समान असलेली कारणे शोधा. यंत्रसामग्री जुनी झाली होती आणि अनेक मालकांनी नफा रसायने किंवा इतर उद्योगांकडे वळवला होता. लोक सुती कापडाऐवजी पॉलिस्टर मिश्रित कापड घेऊ लागले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भिवंडी, सुरत अशा ठिकाणी यंत्रमाग वाढले. तेथे बारा तासांची पाळी, कमी मजुरी आणि विमा-निधीचा खर्च नाही, त्यामुळे कापड स्वस्त पडे. म्हणजे देशातले कापड उत्पादन संपले नाही. ते कामगार कायद्यांची अंमलबजावणी होणाऱ्या ठिकाणाहून अंमलबजावणी नसलेल्या ठिकाणी गेले.

७. काम मिळाले, उत्पन्न घसरले

नोकरी गेलेल्या कामगारांचे पुढे काय झाले? समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी त्याचा प्रत्यक्ष वस्त्यांत जाऊन अभ्यास केला. कुणी रिक्षा चालवू लागले, कुणी पहारेकरी झाले, कुणी हातगाडी लावली, कुणी बांधकामावर गेले. काही जण यंत्रमागावर गेले आणि तेच काम अधिक तास, कमी पैशांत करू लागले. बहुतेकांचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात घटले आणि मुख्य म्हणजे ते अनिश्चित झाले. अनेकांची देणी वर्षानुवर्षे अडकून राहिली. विम्याच्या दवाखान्याचा आधार गेला.

घरातला हिशेबही बदलला. बायका घरबसल्या शिवणकाम किंवा अगरबत्तीचे काम घेऊ लागल्या. अनेक मुलांची शाळा सुटली. वरवर पाहता, घरातील कमावत्यांची संख्या वाढली! एकाच्या पगारावर चालणाऱ्या घरात आता तीन-चार जण काम करत होते, आणि तरीही पूर्वीइतके येत नव्हते. या आकड्याला ‘रोजगारवाढ’ म्हणायचे का, याचा तुम्हीच विचार करा.

आणखी एक नुकसान पैशात मोजता येत नाही. गिरणी आणि संघ ही वेगवेगळ्या जातिधर्मांच्या माणसांनी एकत्र येण्याची जागा होती. ती नाहीशी झाल्यावर आधारासाठी माणसे आपापल्या जातीकडे आणि धर्माकडे वळली. शहरातील वाढत्या धार्मिक दुराव्याशी ब्रेमन यांनी या बदलाचा संबंध जोडला आहे.

८. मोजणीचा प्रश्न

आता आकडेवारीकडे येऊ. आपल्याकडील रोजगार पाहणीत ‘चालू साप्ताहिक स्थिती’ नावाचे एक परिमाण वापरतात. त्यानुसार मागील सात दिवसांत एखाद्याने एक तास जरी काम केले असेल तरी तो रोजगारात गणला जातो. बंद गिरणीचा विणकर आठवड्यातून दोनच दिवस हमाली करत असला, तरी या मोजणीत तो बेकार ठरत नाही. व्याख्या चुकीची आहे असे नाही. ती काम आहे की नाही एवढेच विचारते, काम कसे आहे हे विचारत नाही.

अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने हा दुसरा प्रश्न विचारला. २००४-०५ च्या आकडेवारीवरून त्या आयोगाने दाखवले की, देशातील सुमारे ९२ टक्के कामगार अनौपचारिक रोजगारात होते आणि ७७ टक्के लोकांचा रोजचा दरडोई खर्च २० रुपयांच्या आसपास किंवा त्याहून कमी होता. त्याच काळात बेकारीचा दर मात्र एक अंकी होता. या दोन गोष्टी एकमेकींना छेद देत नाहीत, हे अहमदाबादच्या इतिहासावरून आता तुमच्या लक्षात आले असेल.

९. सारांश

शहरातील दारिद्र्याचे मोठे कारण कामाचा अभाव एवढेच नसते. कामाला कोणते हक्क जोडलेले आहेत, उत्पन्न किती नियमित आहे आणि आजारपण, अपघात व महागाईचा भार कोण उचलतो, यावर ते अवलंबून असते. अहमदाबादमध्ये हे हक्क मिळायला १९१८ पासून काही दशके लागली, ते हातातून जायला पंधरा-वीस वर्षे पुरली. आणि शहरातील अनेक स्त्रियांना, तसेच गिरणीच्या फाटकाबाहेर राहिलेल्या इतरांना ते मिळालेच नव्हते.

स्वाध्याय

१. प्लेग बोनसच्या वादात ‘योग्य वेतन’ ठरवण्याचे कोणते निकष पुढे आले?
२. मुंबई आणि अहमदाबाद यांची तुलना करून गिरण्या बंद होण्याची कारणे तपासा.
३. घरी नगावर काम करणाऱ्या स्त्रीच्या मजुरीतून कोणकोणते खर्च वजा करावे लागतील?
४. तुमच्या परिसरातील रोज कमावणाऱ्या तीन व्यक्तींशी त्यांच्या सवडीने बोला. गेल्या महिन्यात किती दिवस काम मिळाले, आजारी पडल्यास पैसे कुठून येतात, वस्तू किंवा साधने कुणाची आहेत आणि दहा वर्षांपूर्वी त्या काय काम करत होत्या, हे विचारा. नावे न लिहिता उत्तरे नोंदवा आणि ‘रोजगार आहे’ या एका रकान्यात यातले किती मावते ते पाहा.