मारेकऱ्याच्या डोळ्यांनी

१९६० साली मायकेल पॉवेल या ब्रिटिश दिग्दर्शकाने ‘पीपिंग टॉम’ हा चित्रपट काढला. त्यातला मारेकरी बायकांना मारताना त्यांच्या चेहऱ्यावरचे भय कॅमेऱ्यात टिपून घेतो. पहिला खून आपण त्याच्याच कॅमेऱ्यातून पाहतो. मरते ती रस्त्यावरची वेश्या. ब्रिटिश समीक्षकांनी पॉवेलला झोडपून काढले. माझ्या मते त्यांचा राग खुनांवर नव्हता. अंधारात बसून चवीने पाहणाऱ्या प्रेक्षकालाच त्याने रंगेहाथ पकडले होते, हे त्यांना झोंबले.

मुंबईचा रमण राघव पडद्यावर आला तेव्हा हीच अस्वस्थता मला पुन्हा छळू लागली. साठीच्या दशकात उत्तर उपनगरांत फुटपाथवर नि झोपड्यांत निजलेल्या माणसांची डोकी त्याने झोपेतच फोडली. ऑगस्ट १९६८ मध्ये तो पकडला गेला. त्याने ४१ खुनांची कबुली दिली. मारणाराही बेघरच होता, हे मान्य. पण १९९१ साली श्रीराम राघवन यांनी त्याच्यावर चित्रपट केला, रघुवीर यादवने तो उभा केला. २०१६ साली अनुराग कश्यपने त्याचेच नाव घेऊन आजच्या मुंबईतला मारेकरी रंगवला. दोन्ही चित्रपटांची नावे त्याचीच.

मेलेली माणसे कोण होती? कुठल्या गावातून, कशापायी मुंबईला आली होती? त्यांतल्या एकाचे तरी नाव तुम्हांआम्हांला सांगता येते का?