चित्रावरील रोगण

ज्युबिलीच्या निमित्तानें जुन्या तैलचित्रांस नवी झळाळी आणावी, असें वाटणें साहजिक आहे. परंतु रोगण, म्हणजे व्हार्निश, कशासाठीं असतें हें आधीं जाणून घेतलें पाहिजे.

तैलरंग आंतून सुकण्यास बहुधा सहा महिने ते एक वर्ष लागतें. त्यानंतरच त्यावर राळेचें पातळ रोगण चढवितात. धूळ, धूर व ओरखडे त्यानें आपल्या अंगावर घ्यावे आणि कालांतरानें तें उतरवून दुसरें लावतां यावें, हा त्यांतील हेतु.

ॲमस्टरडॅम येथील रेम्ब्रांटचें १६४२ सालचें नगररक्षकांचें भव्य चित्र ह्याची साक्ष देतें. त्यांतील देखावा दिवसाचा. पण रोगणाचे थर काळवंडत गेले, त्यांवर मळ साचला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यास ‘रात्रीचा पहारा’ हें नांव पडलें. १९४६-४७ सालीं चित्र स्वच्छ केलें, तेव्हां झांकलेला उजेड पुनः प्रकट झाला.

तथापि रोगणास केवळ दोष देणें न्याय्य नव्हे. १९९० सालीं एका इसमानें त्याच चित्रावर तेजाब फवारलें. रखवालदारांनीं तत्काळ पाणी मारलें. तेजाब रोगणाच्या थरांतच अडकलें व खालील रंग वांचला.

म्हणून आपल्या देवमंदिरांतील जुन्या चित्रांवर भक्तिभावानेंहि रोगणाचा नवा हात फिरवूं नये. त्यानें जुना मळ आंत कोंडला जातो. आधीं जाणत्या कारागिराकडून जुना थर तपासून घ्यावा. तोंवर ओलें फडकें दूर ठेवावें, हीच खरी सेवा.