देवा, माझ्या उशा कोणी नेल्या?

ग्रीक देव म्हटलं की आपल्याला आठवतो हॉलिवूडचा झ्यूस. हातात वीज, भरघोस दाढी आणि सतत कुठे ना कुठे लफडं! पण या झाल्या कवींच्या गोष्टी. साधा ग्रीक माणूस देवाशी काय बोलायचा हे बघायचं असेल तर डोडोनाला जायला हवं.

डोडोना म्हणजे ग्रीसच्या वायव्येला, एपिरसच्या डोंगरांत, झ्यूसचं फार जुनं ठाणं. तिथे एक पवित्र ओक वृक्ष होता. झ्यूस आणि त्याची सहचारिणी डायोनी यांना कौल लावायला लांबून लोक यायचे. प्रश्न शिशाच्या पातळ पट्टीवर कोरायचा आणि पट्टीची घडी घालायची. पुष्कळदा जुना मजकूर घासून तीच पट्टी पुन्हा वापरलेली दिसते (रीसायकलिंग, दुसरं काय). एकोणिसाव्या शतकापासून झालेल्या उत्खननांत अशा हजारो पट्ट्या निघाल्या. २०१३ साली त्यांवरचे ४,२०० हून जास्त मजकूर एकत्र छापले गेले. बहुतेक इसवी सनापूर्वीच्या सहाव्या ते दुसऱ्या शतकातले.

आणि प्रश्न काय, तर.. आगिस विचारतो, माझी हरवलेली पांघरुणं आणि उशा बाहेरच्या कोणी चोरल्या का? लिसानियास नावाच्या गृहस्थाला शंका आहे, अन्नीलाच्या पोटातलं मूल आपलंच ना? (घडी का घालायचे ते कळलं असेलच!) बाकी मग लग्न, मुलंबाळं, धंदा, प्रवास, आजारपण. सगळं याच जन्मातलं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो पुन्हा पुन्हा येणारा एक साचा: कोणत्या देवाला बळी देऊन, कोणाची प्रार्थना करून माझं बरं होईल? म्हणजे देव आहे का, ही शंकाच नाही. देव भरपूर आहेत, त्यातला नेमका कोणता, एवढाच सवाल. आमच्या भाषेत सांगायचं तर तिकीट कोणाला असाइन करायचं! सगळ्या ग्रीकांना बांधणारा एक धर्मग्रंथ नव्हता, 'यावर माझा विश्वास आहे' अशी कबुली कोणी घेत नव्हतं. धर्म ही करायची गोष्ट. जनावर कापायचं, मांडीची हाडं चरबीत गुंडाळून देवासाठी जाळायची आणि मांस आपण वाटून खायचं. हिशेब बरा आहे, नाही? कॉर्सिरा, म्हणजे आजचं कॉर्फू, या अख्ख्या नगरराज्याने विचारलेला प्रश्नही याच साच्यातला. आमच्यात एकोपा राहावा म्हणून कोणत्या देवाला किंवा वीरपुरुषाला बळी द्यावा?

उत्तरं मात्र फार थोड्या पट्ट्यांवर आहेत. आगिसच्या उशांचं सोडा, कॉर्सिराच्या एकोप्याचंही सोडा. पण किट्टॉस नावाचा एक गुलाम आहे. डायोनिसियसने, म्हणजे बहुधा त्याच्या मालकाने, त्याला मुक्त करायचं कबूल केलं होतं. ते स्वातंत्र्य मला मिळणार का, एवढंच किट्टॉसच्या पट्टीवर आहे. मालकाने शब्द फिरवला तर त्याच्यावर खटला भरायची सोय गुलामाला नव्हती. झ्यूसकडे मात्र जाता येत होतं, आणि तिथे कॉर्सिराच्या राज्यकर्त्यांना जे शिसं तेच किट्टॉसला.